पुणे ते हैदराबाद, वरच्या वाटेनं

हुसेन मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी त्यांना शूर ठरवायला नको. पालीला ते भीत, विजेला भीत, विहिरीत डोकवायला भीत. तहसील कचेरीचा शिपाई नुसता समोरून येताना दिसला तरी त्यांची बोटं शेरवानीच्या वरच्या गुंडीकडं जात. गुंडी आधीच लावलेली असायची, तरी बोटं तिथं जाऊन खात्री करून यायची.

लोहाऱ्याच्या सरकारी शाळेत ते जुगराफिया शिकवत. जुगराफिया म्हणजे भूगोल. निजामाचं राज्य, शाळेतली भाषा उर्दू, आणि बाकावरची निम्म्याहून जास्त पोरं शेतकऱ्यांची. मास्तर पुस्तकातलं वाक्य उर्दूत वाचायचे आणि लगेच तेच मराठीत सांगायचे. म्हणून त्यांच्या तासाला पोरं झोपत नसत, असं मामंजी म्हणायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे.

मी सोलापूरची. लग्न होऊन लोहाऱ्यात आले तेव्हा सातवी पास होते आणि तोंडानं फटकळ होते. फटकळ अजून आहे, आता तर वयानं परवानाच दिलाय. आमच्या आणि मास्तरांच्या अंगणात कमरेएवढी एक भिंत होती. त्या भिंतीवरून विरजण, विस्तव, कोथिंबीर आणि सगळ्या गावाच्या बातम्या इकडून तिकडं जायच्या. मास्तर मला सूनबाई म्हणत. त्यांच्या बायकोला मी चाची म्हणे.

मास्तरांना एखादं गाव किती लांब आहे ते विचारायची सोय नव्हती. ते उलट विचारायचे, "जाणारं कोण?"

"आता ह्यात जाणाराचा काय संबंध?" मी एकदा म्हणाले. तेव्हा नवीनच होते, पदर डोक्यावर पण जीभ मोकळी.

"असं कसं? तुमच्या आत्याबाईला तुळजापूर येगळं लांब हाय, तुमाला येगळं. बाळंतीण बाई असंल तर आणखीच लांब. मैल दगडावर असत्यात, सूनबाई. मान्साला येळ लागतो."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ह्यावर जोरात हसल्या. त्यांचे गुडघे दुखत. तुळजापूर त्यांना खरंच लांब झालं होतं.

मास्तरांचा एकुलता एक मुलगा युसूफ हैदराबादच्या विमानतळावर मिस्त्रीच्या हाताखाली कामाला होता. गावात कुणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि हा त्याच्या पोटाखाली आडवा पडून पेच आवळायचा. तो सुट्टीला आला की बापलेकांचा एक खेळ चाले. युसूफ दोन विमानतळांची नावं टाकायचा. मास्तर नकाशावर दोरा ताणायचे, मैल काढायचे, विमानाच्या वेगानं भागायचे आणि ऐटीत वेळ सांगायचे. मग युसूफ हसायचा.

"अब्बा, चढना-उतरना किधर गया? वो कौन धरेगा?"

विमान काही टांग्यासारखं जागेवरून निघत नाही, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. आधी जमिनीवर धावतं, मग उठतं, मग वर चढायला वेळ घेतं, आणि उतरताना पुन्हा हळू होतं. तो सगळा वेळ वेगळा मिळवायचा. शिवाय वारा. वारा पाठीला असला तर लवकर, तोंडावर असला तर उशिरा. मास्तर सायकलवरून उमरग्याला जात, त्यांना ते चटकन पटलं. मुलानं चूक काढली की त्यांना इतका आनंद व्हायचा की चाची म्हणायच्या, "देखो, बेटे ने हराया तो कैसा खुश!"

हे आधीचं झालं. मग ते वाईट वर्ष आलं.

सरहद्दीपलीकडं स्वातंत्र्य आलं होतं आणि आमच्याकडं निजामच होता. खाकी कपडे घातलेल्या, बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायच्या. कुठल्या गावात काय केलं ते बायका कानात सांगायच्या आणि सांगून झाल्यावर रडायच्या. माझे यजमान निजामाविरुद्ध लढायला रातोरात सोलापूरकडच्या छावणीत निघून गेले. त्यानंतर आमच्या दाराची कडी वाजली की मी आधी मागच्या दाराकडं बघायची. मांजरानं भांडं पाडलं तरी बघायची. मी भाकरी थापताना अर्धी थापून थांबायची आणि कान द्यायची. आत्याबाई म्हणायच्या, "थाप गं, करपंल." पण त्याही कानच देत असायच्या.

त्यातच आवई उठली की आता सरहद्दीपलीकडून हिंदुस्थानची विमानं येणार.

संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर माणसं जमू लागली. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, विमान यायला किती वेळ लागतो. गणपा म्हणून एक म्हातारा होता, सोलापूरच्या बाजारात मिरच्या न्यायचा. त्यानं फार विचार करून विचारलं, "मास्तर, नळदुर्गाच्या पलीकडं करोडगिरीचा नाका हाय. तितं समद्यास्नी थांबवत्यात, झडती घेत्यात. मग इमान तितं न्हाय का थांबायचं?"

करोडगिरी म्हणजे जकात. जन्मभर त्या नाक्यावर बिचाऱ्याच्या पोत्यांत हात घातले गेले होते. नाका चुकवून कुणी आत येऊ शकतं हे त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं.

कुणी हसलं नाही. मास्तरही हसले नाहीत. "न्हाय गणपा, वरून येतंय ते. नाका खाली ऱ्हातो," ते म्हणाले. गणपानं वर बघितलं. मग ओट्यावरच्या सगळ्यांनीच वर बघितलं. रिकामं आभाळ होतं, दोन घारी फिरत होत्या. पण माणसं लवकर उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर भिंतीपाशी आले. "सूनबाई, तुमच्याकडं सोलापूरचं भूगोलाचं पुस्तक हाय म्हणं. हिंदुस्थानचा नकाशा हाय का त्यात?"

होता. मी पुस्तक ट्रंकेतून काढून दिलं आणि दोन दिवसांनी परत मागायला म्हणून चाचींकडं गेले. खरं तर बघायला गेले. आत सोप्यात पाऊल टाकलं आणि उभीच राहिले.

शाळेचा नकाशा मास्तरांनी घरी आणून भिंतीला लावला होता. तो फक्त निजामाच्या राज्याचा. सरहद्द संपली की पुढं नुसता कोरा कागद, जणू पलीकडं जमीनच नाही. त्या कोऱ्या कडेला मास्तरांनी खळ लावून आणखी कागद जोडले होते, एकाला एक, माझ्या पुस्तकावरून हिशेब करत. सोलापूर पहिल्याच कागदावर आलं होतं. पुणं पार तिकडं, दिव्याच्या कोनाड्याजवळ गेलं होतं. तिथं बाभळीचा एक काटा टोचलेला. दुसरा काटा हैदराबादेत. दोन काट्यांमध्ये चाचींच्या शिवणाचा काळा दोरा ताणलेला.

"बगा," मास्तर म्हणाले. "मधी बगा."

मी जवळ गेले. दोरा लोहाऱ्यावरून गेला होता. आजूबाजूनं नाही, बरोबर आमच्या गावाच्या ठिपक्यावरून.

"चार बार लावून बघितला. पुण्याहून हैदराबादेला सरळ निघालं की आपल्या डोक्यावरूनच. निम्म्या वाटंत आपण. तीनशेवर मैल सगळे, आपल्यापासून पुढं निम्मे." त्यांनी बोटानं लोहाऱ्यापासून हैदराबादेपर्यंत दोरा चाचपला. "लढाईचं इमान तासाला अडीचशे-तीनशे मैल जातं, युसूफ म्हणायचा. म्हणजे हितून पुढं अर्धा तास. आता वारं पश्चिमेचं हाय, त्यांच्या पाठीला. अर्ध्याच्याबी आत."

"आणि ते चढणं-उतरणं?" मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. अर्ध्या तासात थोडी भर पडावी असं वाटलं.

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. "चढणं पुण्यातच झालं त्यांचं. आन् उतरायचं कुठं हाय, सूनबाई? बाम टाकाय उतरावं लागत न्हाय."

चाची चुलीपाशी होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अर्धा तास," मास्तर पुन्हा म्हणाले. "ती हितून गेली की मला ठावं आसंल. त्याला न्हाय. पोरगा तितं पेच आवळत आसंल. तार न्हाय, टेलिफोन न्हाय. अर्धा तास म्या काय करायचं?"

माझी पंचाईत अशी की ती विमानं यावीत, फौज यावी, ह्या खाकीवाल्यांचा कायमचा निकाल लागावा आणि माझा माणूस घरी यावा म्हणून मी रोज देवापुढं हात जोडत होते. हे मास्तरांना ठाऊक होतं. ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मी पुस्तक तिथंच ठेवून घरी आले आणि त्या दिवशी मला देवापुढं काय मागावं ते कळेना.

श्रावण सरता सरता खाकीवाले आमच्या गल्लीत आले. सहा-सात जण होते. यजमानांचं नाव घेऊन घर विचारत होते. आत्याबाईंनी मला धान्याच्या पेवात उतरायला लावलं, पण झाकण काढताच आतली कोंदट गरम हवा अशी तोंडावर आली की मी माघारी फिरले आणि भिंतीच्या आडोशाला गोवऱ्यांमागं बसले. तिथून पलीकडचं अंगण दिसत होतं.

मास्तर बाहेर आले. गुंडी चाचपली. आणि ज्या माणसाला शिपायाची भीती वाटे, तो त्या बंदुकांसमोर जाऊन म्हणाला, "आइए, आइए. उस घर में बुड्ढा-बुड्ढी है बस. लड़का कब का भाग गया. धूप में क्यों खड़े? चाय पीके जाओ."

ते आत गेले. मला हायसं वाटलं ते घटकाभरच. लगेच भिंतीवरचे कागद आठवले आणि मी गोवऱ्यांमागून पुढं सरकून कान दिला.

"ये क्या है?" आतून आवाज आला. "पूना क्यों लिखा? ये डोरी काहे की?"

मग मास्तरांचा आवाज आला, बारीक, पोरासारखा. "मेरा बेटा है वहाँ, साहब. हैदराबाद के हवाई अड्डे पर. उधर से निकले तो कितनी देर में पहुँचेंगे, वो हिसाब है."

"कितनी देर में?"

"घंटा. बहुत हुआ तो सवा घंटा."

"पूना से हैदराबाद? बस?"

"हवा पीछे से रही तो उससे भी कम."

त्यांचा म्होरक्या बाहेर आला तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं. पंचविशीतलं पोरगं होतं ते, आणि त्यानंही वर बघितलं, गणपानं बघितलं तसंच. चहा न पिता सगळे गेले. आमचं दार कुणी वाजवलं नाही.

ते वळणाआड गेल्यावर मास्तर अंगणात आले, जांबाच्या झाडाला धरून वाकले आणि भडाभडा ओकले. चाचींनी डोक्यावर पाणी ओतलं. मी भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "मास्तर, तुमचे उपकार..." ते हात हलवून नको नको म्हणत राहिले.

युसूफचं पत्र त्याआधीच यायचं थांबलं होतं. टपाल बंद पडलं होतं, मोटारी बंद होत्या. मास्तर रोज त्या दोऱ्यापुढं बसायचे. वारं बदललं का ते बघायला माळवदावर कापडाची चिंधी बांधली होती. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. शिडी चढताना ते दर पायरीला थांबत, चाची खालून शिडी धरून अल्लाचं नाव घेत.

आणि एका सकाळी आवाज आला.

मी शेण काढत होते. आधी वाटलं, कुठंतरी गिरणी सुरू झाली. मग अंगाला हादरा जाणवायला लागला. आत्याबाई किंचाळल्या. गल्लीत माणसं बाहेर धावली, घरात धावली, पुन्हा बाहेर आली. मास्तर शिडीवरून वर गेले. कुणी शिडी धरली नव्हती. माळवदाच्या अगदी कडेला उभे राहून त्यांनी कानामागं हात धरला आणि आभाळाकडं मान वर केली.

आमच्या डोक्यावर काहीच नव्हतं. आवाज वरच्या अंगाकडून, उत्तरेकडून येत होता, लांबून, आणि तसाच पूर्वेकडं सरकत होता. आवाज बारीक होत गेला. मग चिमण्या ऐकू यायला लागल्या.

"दोऱ्यावर न्हाईत!" मास्तर वरून ओरडले. "सूनबाई! आपल्या दोऱ्यावर न्हाईत ती! वरच्या अंगानं गेली!"

ते खाली कसे आले कुणास ठाऊक. हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. चाचींचे दोन्ही हात धरून सांगत होते, "हैदराबाद नहीं गए, सुनती हो? हैदराबाद नहीं गए!" घरातली गुळाची ढेप फोडून त्यांनी भिंतीवरून खडे दिले, आत्याबाईंना, मला, गल्लीतल्या पोरांना. मामंजींच्या गळ्यात पडले. इतका मोकळा झालेला माणूस मी पुन्हा बघितला नाही.

"मग गेली कुठं ती?" मी गूळ चघळत विचारलं.

"तिकडं? तिकडं बिदर हाय," मास्तर म्हणाले. "तितं आपलं कोण न्हाय."

चार-पाच दिवसांत सगळं उलटलं. फौज आली, खाकीवाले कपडे जाळून पळाले, निजामानं हार मानली म्हणून चावडीपुढं गुलाल उडाला. यजमान सुखरूप असल्याचा निरोप आला. मी रडले, हसले, आणि दुपारी भिंतीपलीकडं बघितलं तर मास्तरांचं दार बंद. भीती आमच्या घरातून निघून त्यांच्या घरात गेली होती. आता त्यांच्या लोकांवर सूड उगवत लोक फिरत होते, आणि त्या गोष्टी बायका कानात सांगत होत्या. मामंजी हातात काठी घेऊन मास्तरांच्या ओट्यावर झोपायला जाऊ लागले. मी भिंतीवरून भाकरी द्यायची, चाचींचा नुसता हात पुढं यायचा.

अशा दिवसांत एक तरणा मुलगा चालत आला. दाढी घाईनं काढलेली, हनुवटीवर कापल्याच्या खुणा. युसूफबरोबर काम करायचा म्हणाला. मामंजींनीच त्याला आत नेलं. मी दाराशी उभी होते.

त्यानं खाली बघतच सांगितलं. लढाईच्या थोडे दिवस आधी त्या दोघांना बिदरच्या विमानतळावर हलवलं होतं. हैदराबादेवर पहिली नजर असणार, बिदर लहान जागा आहे, तिथं कोण येतंय, असं वरचे म्हणाले होते. युसूफ तर खुश होता, बिदर घरापासून जवळ म्हणून. टपाल बंद होतं, कळवणार कसं? त्या सकाळी विमानं आली तेव्हा तो पेट्रोलच्या पिंपांजवळ होता. दुपारी त्याला तिथंच माती दिली.

चाचींचा आवाज मला अजून ऐकू येतो, तो काही मी लिहिणार नाही. मास्तर रडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हैदराबाद में नहीं था?"

"नहीं, चाचा."

"बिदर में था."

"जी."

मास्तरांनी मान डोलावली, वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलवायचे तशी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामंजींनी बैलगाडी जुंपली. कबर बघायची होती. रस्ते धड नव्हते, म्हणून मामंजी आणि आणखी दोघे गाववाले बरोबर निघाले. मास्तरांनी डोक्याला मामंजींचा पटका बांधला होता, वाटेत कुणी ओळखू नये म्हणून. तो त्यांना मोठा होत होता. ते दोघं मग तिकडंच चाचींच्या माहेरी राहिले, लोहाऱ्याला परत आले नाहीत. माझ्यापुरतं त्यांचं दर्शन त्या सकाळचं शेवटचं.

चाची गाडीत बसल्या होत्या. मी भाकऱ्यांचं गाठोडं दिलं. मास्तर चाकाशेजारी उभे होते, आत चढत नव्हते. मामंजींनी दोनदा हाक मारली. मास्तर माझ्याकडं वळले. डोळे कोरडे होते, पण पोरक्या पोरासारखे माझ्या तोंडाकडं लागले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "बिदर किती लांब हाय?"

मला वाटलं, काही वेगळं विचारायचंय. पण नाही. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते उत्तरासाठी थांबले होते.

"जवळच हाय, मास्तर," मी म्हणाले.

"व्हय का," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.